म्हैस कुणाला सांगून जायची?



यंदा बीजेच्या सप्ताहात आमच्या गावी जे कीर्तन झाले ते फार रंगले. महाराज तरुण, गळा गोड, पाठांतर चोख. वैकुंठगमनाचा प्रसंग चालला होता. तुकोबाराय निघाले, जाताना जिजाईंना म्हणाले, चल. त्यावर जिजाई काय म्हणाल्या ते महाराजांनी साभिनय सांगितले. दारात म्हैस आहे, पोरे लहान आहेत, पोटात पाच महिन्यांचा गर्भ आहे, घर टाकून कशी येऊ? "पाहा श्रोतेहो," महाराज म्हणाले, "दारात विमान उभे आणि बाईचा जीव म्हशीत!" मांडवात एकच हशा झाला. मीही हसलो. गेली तीस-पस्तीस वर्षे याच जागी मी हसत आलो आहे.

रात्री घरी आल्यावर आमच्या मंडळींनी गोठ्यात कडबा टाकला, हात धुतले आणि सहज म्हणाल्या, "म्हैस कुणाला सांगून जायची, ते काही महाराजांनी सांगितलं नाही." एवढेच बोलून त्या झोपायला गेल्या. मला मात्र झोप लागेना. तो प्रश्न मनात धरून मी पुढचे दोन-तीन महिने गाथा पुन्हा काढली, महिपतीबुवा काढले, जुन्या टिपणवह्या चाळल्या. त्यातून जे हाती लागले ते आपणापुढे ठेवतो. संतांच्या घरात पैसा कुणाचा होता, कष्ट कुणाचे होते आणि निर्णय कुणाचा होता, असा हा हिशेब आहे. हिशेब म्हटला की काही जणांना विटाळ वाटतो. पण तुकोबारायांचे घराणे वाण्याचे, महाजनाचे. त्या घरात वहीखाते देवघराइतकेच जुने होते.

आधी ते घर नीट डोळ्यांपुढे आणू. देहूच्या पेठेची महाजनकी मोरे घराण्याकडे होती. महाजन म्हणजे बाजाराची देखरेख करणारा, त्याबद्दल हक्काचे उत्पन्न घेणारा वतनदार. त्याशिवाय दुकान, शेती आणि सावकारी. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले बंधू सावजी विरक्त निघाले म्हणून व्यवहार मधल्या मुलाच्या, तुकोबांच्या, अंगावर फार लवकर आला. पहिले लग्न रखुमाबाईंशी झाले. त्यांना दम्याचा विकार, म्हणून दुसरे लग्न लावले ते पुण्याच्या आप्पाजी गुळवे यांच्या मुलीशी. गुळवे पुण्यातले सावकार. त्यांची ही लेक म्हणजे जिजाई, लाडाचे नाव आवली. रोख पैसा, लेखणी, तारण, व्याज या गोष्टी तिने माहेरी लहानपणापासून पाहिलेल्या. खाऊनपिऊन सुखी घरातून खाऊनपिऊन सुखी घरात ती आली होती. सोयरीक बरोबरीची होती.

मग आईवडील गेले, भावजय गेली, सावजी तीर्थाटनाला निघून गेले, आणि १६२९ ते १६३१ या सालांतला तो दुष्काळ आला. दख्खन आणि गुजरात दोन्हीकडे माणसे अन्नावाचून मेली. तुकोबारायांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात स्वतःच सांगितले आहे की दुष्काळाने द्रव्य गेले, मान गेला आणि एक बायको अन्न अन्न करीत मेली. ही रखुमाबाई. तिचा मुलगा संतूही गेला.

कीर्तनात आपण हा प्रसंग तुकोबांच्या वैराग्याचे कारण म्हणून सांगतो आणि ते खरेच आहे. पण त्याच घरात, त्याच ओसरीवर, आणखी एक माणूस हे सगळे पाहत होते. सवत म्हणा, पण एका चुलीवर राबणारी बाई. ती उपाशी मेलेली आवलीने पाहिली. तिचे पोर गेलेले पाहिले. एकच मरण दोघांनी पाहिले आणि दोघांनी त्यातून दोन वेगळ्या गोष्टी घेतल्या. तुकोबांनी घेतले, की द्रव्याचा भरवसा नाही. आवलीने घेतले, की घरात दाणा नसला तर माणूस मरते. माउली, यातले खोटे काय आहे? मला तर दोन्ही खरे वाटतात. मग एकीला आपण परमार्थ म्हणतो आणि दुसरीला कजागपणा म्हणतो, ते कशाच्या जोरावर?

आता पैशाकडे येऊ. धंदा बसल्यावर आवलीने स्वतःच्या पतीवर दोनशे रुपये कर्ज काढून तुकोबांना पुन्हा व्यापाराला घातले, असे महिपतीबुवा सांगतात. येथे पत म्हणजे बाजारातली पत. दिवाळे निघालेल्या माणसाला कुणी उभे करत नाही. पण गुळव्यांच्या लेकीला कुणीतरी दोनशे रुपये दिले. तुकोबांनी माल भरला, बालाघाटाकडे विकला, पन्नास रुपये नफा झाला. अडीचशे रुपये घेऊन परतताना वाटेत कर्जापायी छळला जाणारा एक गरीब ब्राह्मण भेटला. तुकोबांनी सगळे पैसे त्याला सोडवण्यासाठी देऊन टाकले आणि रिकाम्या हाताने घरी आले.

या कथेवर मी अनेक कीर्तने ऐकली. करुणेचे, भूतदयेचे इतके थोर उदाहरण नाही, यात मला तिळमात्र शंका नाही. पण एक प्रश्न कधी कुणी विचारलेला ऐकला नाही. ते दोनशे रुपये नंतर कुणी फेडले?

यासाठी थोडे धर्मशास्त्र पाहावे लागेल. आपल्याकडे याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरची विज्ञानेश्वरांची मिताक्षरा प्रमाण मानली जाई. त्यात ऋणाच्या प्रकरणात असे आहे, की नवऱ्याचे कर्ज बायकोने फेडण्याचे कारण नाही. मात्र जे तिने स्वतः काढले, जे नवऱ्याबरोबर मिळून काढले किंवा जे तिने कबूल केले, ते तिने फेडलेच पाहिजे. म्हणजे दोनशे रुपयांचे ऋण आवलीचे. दान तुकोबांचे, पण वही तिच्या नावावर. त्याच स्मृतीत स्त्रीधनाचाही नियम आहे. बाईला माहेरहून, लग्नात, प्रेमाने जे मिळाले ते तिचे. नवऱ्याने घेतले तर परत करावे. पण चार प्रसंगी घेतले तर परत करण्याचे बंधन नाही : दुष्काळात, धर्मकार्यासाठी, आजारात आणि कैदेसारख्या अडचणीत. हे चार शब्द मी वाचले आणि पुस्तक खाली ठेवले. देहूच्या त्या घरात दुष्काळही होता आणि धर्मकार्यही होते. तिचे जे काही डाग-दागिने त्या वर्षांत मोडले असतील त्यांवर तिचा परतीचा हक्क शास्त्राने आधीच पुसून ठेवला होता. आणि तिने काढलेले कर्ज मात्र तिच्याच डोक्यावर. गावपेठेत रोजच्या व्यवहारात दर वेळी स्मृती उघडून बसत नसत हे मलाही कळते. पण पंचांपुढे, पंडितांपुढे तंटा गेला असता तर पारडे कुठे झुकले असते ते यावरून दिसते.

मग गहाणखतांचा प्रसंग. हा तर आपल्या संप्रदायाचा अभिमान. वडिलोपार्जित सावकारीचे कागद तुकोबांनी इंद्रायणीत सोडायला काढले. धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, तुमचे ठीक आहे, पण माझ्या पोराबाळांचे काय? तेव्हा तुकोबांनी कागदांचे दोन भाग केले. अर्धे कान्होबांना दिले आणि आपल्या वाट्याचे अर्धे डोहात बुडवले. दुष्काळाने खंगलेली कितीतरी कुळे त्या क्षणी मोकळी झाली. सतराव्या शतकात हिंदुस्थानात दुसऱ्या कुठल्या सावकाराने असे केले असेल तर मला दाखवा.

पण कथेत बारीक नजरेने पाहा. भावाला विचारले गेले, कारण भाऊ हिस्सेदार होता. त्याने हरकत घेतली आणि ती हरकत मान्य झाली. आवलीची हरकत कथेत येतच नाही. येणार कशी? ती हिस्सेदार नव्हती. ज्या अर्ध्या वाट्यावर तिची आणि तिच्या लेकरांची भाकरी होती तो वाटा कागदावर एकट्या नवऱ्याचा. तो त्याने ठेवायचाही आणि टाकायचाही. तुकोबारायांची निंदा करण्यासाठी मी हे लिहीत नाही. माझी जीभ झडो. त्यांनी आपला हक्क सोडला, दुसऱ्याच्या हक्काला हात लावला नाही. दोष असलाच तर त्या काळाच्या कायद्याचा, ज्यात बायकोचा हक्क म्हणून काही वेगळे मोजलेच जात नव्हते.

उरले कष्ट. त्यांची नोंद कथांनी केली आहे, मात्र ओझरती. तुकोबा भंडाऱ्यावर, भामचंद्रावर चिंतनाला जात. देहूहून भंडारा डोंगर पाच-सहा किलोमीटर, वर चढण. भामचंद्र त्याहून लांब, चाकणच्या बाजूला. तुकोबा जेवल्याशिवाय आवली जेवत नसे, म्हणून भाकरी आणि पाणी घेऊन ती रोज डोंगर चढे. वाटेत पायात काटा मोडला आणि पांडुरंगाने स्वतः येऊन काढला, ही कथा आपल्याला पाठ आहे. आपण तिथे देवाच्या कृपेवर बोलतो. मी बाईच्या दिवसाचा हिशेब मांडून पाहिला. पहाटे जाते. मूठमूठ दाणे घालून घरच्या माणसांपुरते पीठ निघायला घटका-दोन घटका जातात. मग इंद्रायणीचे पाणी. शेण, झाडलोट, धार. पोरांचे. मग चूल. मग डोंगर, जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटर, अनवाणी. परत आल्यावर पुन्हा गुरे आणि पुन्हा चूल. यात काशी, भागीरथी, गंगा या मुली आणि महादेव, विठोबा हे मुलगे जन्माला आले, वाढले. मुलींची लग्ने झाली. मला खात्रीने वाटते, की तुकोबांच्या घराला त्या वीस वर्षांत उभे ठेवणारा आडवा वासा ही बाई होती.

मग ती कर्कशा कशी ठरली? याचे उत्तर शोधताना मला एक गोष्ट कळली आणि ती फार आनंदाची वाटली. तिची तक्रार जगाला सांगितली ती प्रथम तुकोबारायांनीच. गाथेत अभंगांचा एक छोटा गट आहे, त्यात बायकोची कठोर उत्तरे तुकोबांनी तिच्याच तोंडून उतरवली आहेत. हा काही कमवत नाही, घरात येते ते लोकांना वाटतो, टाळकुटे गोळा करतो, पोरांनी खायचे काय, अशा मतलबाचे ते बोल. शब्द तिखट आहेत, पण त्यात एकही खोटा आरोप नाही. तुकोबांनी त्यांचे खंडनही केलेले नाही. स्वतःवरचा फिर्यादी कागद स्वतःच्या हाताने लिहून गाथेत ठेवणारा नवरा त्या काळात दुसरा कोण होता? त्यांना ते झाकता आले असते. पुढे तिला उपदेश केलेले पूर्णबोधाचे अकरा अभंगही आहेत. म्हणजे या घरात भांडण होते, पण बोलणे बंद नव्हते.

महिपतीबुवा ताहराबादकरांचे भक्तलीलामृत १७७४ सालचे, म्हणजे तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर जवळजवळ सव्वाशे वर्षांनी लिहिलेले. बुवा थोर, रसाळ, त्यांच्यामुळेच ही सारी चरित्रे घरोघर गेली. पण कथा रंगवायला विरोधी रंग लागतो. भोळा नवरा आणि तापट बायको ही जोडी तिथे पक्की झाली. उसाची मोळी वाटून टाकून एकच ऊस घरी आणला, तिने तो पाठीत घातला, दोन तुकडे झाले आणि तुकोबा म्हणाले, बरे झाले, वाटणी आपोआप झाली; ही गोष्ट तर शाळेतल्या मुलांनाही माहीत. पुढे १९३६ साली पुण्याच्या प्रभातने दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनात 'संत तुकाराम' काढला. विष्णुपंत पागनीसांच्या तुकोबांपुढे गावोगाव लोकांनी हात जोडले. पण माझ्या मते त्या चित्रपटाचे मोठेपण गौरीबाईंच्या जिजाईत आहे. म्हैस, शेण, चूल आणि आजारी पोर यांच्या मध्ये उभी राहून ती बाई देवाशीही भांडते आणि आपल्याला ती बरोबर वाटते. कीर्तनाच्या मांडवातला हशा त्या पडद्यावर एवढा सोपा राहत नाही.

दुसरीकडे पाहिले तर हा प्रश्न एका देहूचा नाही. पंढरपुरात नामदेवरायांच्या घरी तोच. परिसा भागवतांच्या बायकोने, कमळजेने, राजाईची दैना पाहून तिला घटकाभर परीस दिला. तिने लोखंडाचे सोने केले, दाणा आणला, स्वयंपाक केला. नामदेवरायांना कळले तेव्हा त्यांनी परीस चंद्रभागेत टाकला. एक बाई दुसऱ्या बाईची भूक ओळखते, हा त्या कथेतला तुकडा मला परिसापेक्षा मोलाचा वाटतो. चोखोबांच्या घरी सोयराबाईंचे बाळंतपण आले तेव्हा घरात काही नव्हते आणि चोखोबा बहिणीकडे, मेहुणपुरीला निघून गेले. विठ्ठल नणंदेच्या रूपाने आला आणि त्याने बाळंतपण केले, अशी कथा आहे. देवाला यावे लागले, म्हणजे माणूस जागेवर नव्हता.

मात्र याच्या उलट बाजूचे एक घर आहे आणि त्याच्याकडे पाहिल्याशिवाय देहूचे घर नीट कळत नाही. संत बहिणाबाईंचे. जन्म १६२८, वेरूळजवळचे देवगाव. लग्न झाले तेव्हा वय पाच वर्षांच्या आत. पती गंगाधरपंत पाठक, वयाने कितीतरी मोठे, बिजवर, वेदविद्या शिकलेले. पुढे देवगावात भाऊबंदकीचा आणि पैशाचा तंटा उठला आणि सगळ्या कुटुंबाला रातोरात गाव सोडावे लागले. भिक्षा मागत, पंढरपूर करून, ते कोल्हापुरास आले. तिथे जयराम स्वामींच्या कीर्तनात, वासराच्या प्रसंगाने, ही मुलगी लोकांच्या नजरेत आली. पुढे तिला स्वप्नात तुकोबांचा उपदेश झाला. लोक तिच्या दर्शनाला येऊ लागले.

या घरात कमावणारा नवरा होता. भिक्षुकीवर, पुराणावर घर चाले. बायको एक पैसा उधळत नव्हती, कुणाला वाटत नव्हती. तरीही घर पेटले. कशाने? मान तिच्याकडे गेला म्हणून. पंडित आपण आणि नमस्कार बायकोला. त्यात गुरू शूद्र. गंगाधरपंतांनी तिला मारले, बांधून घातले, आणि ती गरोदर असताना घर सोडून जायचे ठरवले. हे सगळे बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत स्वतः लिहून ठेवले आहे. नंतर पंत आजारी पडले, महिनाभर अंथरुणावर होते आणि तिनेच त्यांची सेवा केली. त्यात त्यांचे मन पालटले आणि दोघे देहूला तुकोबारायांच्या दर्शनाला आले. पुढे काही काळ ते तिथे राहिले.

दोन घरे शेजारी ठेवून पाहा. एका घरी नवऱ्याने घरातले सारे वाटले, बायको त्याला घालूनपाडून बोलली, उसाने मारल्याची कथाही लोकांनी रचली; आणि नवऱ्याचा हात कुठल्याही कथेत तिच्यावर उठत नाही. दुसऱ्या घरी बायकोने काही मागितले नाही, काही वाटले नाही, उलट शब्द बोलली नाही. आणि हात उठला. म्हणजे भांडण फक्त पैशाचे नसते. पैसा, मान आणि निर्णय यांपैकी एखादी गोष्ट बायकोच्या बाजूला सरकली की जुन्या घराला ते सोसत नसे. तुकोबांना ते सोसले. बहिणाबाई देहूला आल्या तेव्हा जिजाई त्या गावात होत्याच. या दोघी इंद्रायणीच्या घाटावर कधी भेटल्या असतील, घागर बाजूला ठेवून काय बोलल्या असतील, असा विचार मनात येतो आणि मी वाचता वाचता थांबतो.

आता थोडे आमचे. १९८६ साली शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन चांदवडला झाले. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचे आंदोलन आले. शेतकऱ्याने आपल्या जमिनीतला काही हिस्सा राजीखुशीने बायकोच्या नावे करायचा आणि ज्या गावात शंभर घरे असे करतील ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. आमच्याकडेही सभा झाली. मी पुढच्या रांगेत होतो, टाळ्याही वाजवल्या. आमच्या गावचे शंभर काही भरले नाहीत. जे कमी पडले त्यांत एक मी. गळ्यात माळ होती, दरवर्षी वारी होती, दुष्काळात डोहात टाकलेल्या गहाणखतांवर मी दिंडीत निरूपणही केले होते. सातबाऱ्यावर हिचे नाव लागायला पुढे वीस वर्षे गेली, आणि तेही थोरल्या मुलाने कर्जाच्या कागदांसाठी तलाठ्याकडे खेटे घातले तेव्हा.

वारीचा माझा खर्च मी वहीत लिहितो. भिशी, तंबूचा हिस्सा, रेनकोट, औषधे, परतीची गाडी. बीजेनंतर ती वही काढून मी प्रथमच दुसरा रकाना आखला. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखी देहूतून निघते आणि आषाढी एकादशीला पंढरपूर. हे दिवस पेरणीचे. पाऊस वेळेवर आला तर बी, खत, औत, मजूर, सगळे याच वीस दिवसांत. इतकी वर्षे पेरणी कुणी केली? मजुरांना चहा, जेवण कुणी दिले? बैल आजारी पडला तेव्हा डॉक्टरला कुणी आणले? रकाना भरत गेला. मंडळींना दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "आत्ता लिहिताय? त्यातलं एक साल राहिलं बघा. तुमची आई गेली ते." आई गेली तेव्हा मी वाखरीला होतो.

जिजाईंकडे परत येतो. तुकोबा गेले ते शके १५७१, फाल्गुन वद्य द्वितीया, इसवी सन १६५०. घरात मागे राहिले ते काय? पेढी बुडालेली, लहान मुले, गरोदर बाई, आणि दीर कान्होबा. वैकुंठगमनाच्या कथेत जिजाईंनी जी कारणे सांगितली ती एकेक मोजून पाहा. म्हैस, पोरे, पोटातला गर्भ. त्यातला तो गर्भ म्हणजे नारायणमहाराज. त्यांनीच १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून, आळंदीला ज्ञानोबारायांच्या पादुका घेऊन, पंढरीचा हा पालखी सोहळा सुरू केला. तुम्ही-आम्ही ज्या पालखीमागे चालतो ती उचलणारा माणूस त्या दिवशी जिजाईंच्या पोटात होता. त्या विमानात बसल्या असत्या तर? कीर्तनकार महाराजांना मी हे नंतर गाठून विचारले. भला माणूस. म्हणाले, "काका, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पण तिथं हशा पिकतो हो." मी म्हटले, "हशा दुसरीकडं घ्या."

जात्यावरच्या ओव्यांत मात्र बायकांनी हा हशा कधी केला नाही. मावळात, मुळशीत बायकांनी तुका आणि जिजा यांच्यावर किती ओव्या गायल्या त्याला गणती नाही. गी पोईतवें आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून ओव्यांचा जो लाखावर संग्रह केला त्यातही हे जोडपे पुन्हा पुन्हा येते. दळणाऱ्या बाईला जिजाचे घर परके वाटत नाही. तिथे तुका मोठाच आहे, पण जिजाही आपल्या जागी ताठ उभी आहे आणि तिला तिचे काम आहे.

हा लेख मी आषाढाच्या सुरुवातीला, घरी ओटीवर बसून लिहीत आहे. यंदा सप्तमीच्या आदल्या दिवशी मंडळींनी पिशवी भरली, तुळशीची माळ गळ्यात घातली आणि शेजारच्या दोघींबरोबर देहूची गाडी धरली. मी विचारले, "म्हशीचं काय?" तर म्हणाल्या, "तुम्ही आहात की."

पहाटे साडेचारला उठतो. पहिले तीन दिवस म्हशीने जवळ उभे राहू दिले नाही. मग हिचे जुने लुगडे खांद्यावर टाकून धारेला बसलो तेव्हा कुठे पान्हा सोडला. बोटे अजून दुखतात. पाऊस झाला, वापसा आला, बाजरी पेरून घेतली. काल बेलवाडीचे रिंगण पाहून हिचा फोन आला. अश्व कसा धावला ते सांगितले, डोक्यावर तुळस घेऊन फुगडी खेळल्याचे सांगितले, पाय सुजलेत म्हणाल्या पण आवाज खुशीत होता. मग विचारले, "सरकी पेंड भिजवून घालता ना? कोरडी घातली तर खात न्हाई ती." मी कोरडीच घालत होतो.